ऑल्डरबेकची सनद

माझे अंग मूळचे एका वासराचे. ते वासरू मला फारसे आठवत नाही. त्याचे कातडे चुन्यात भिजवले, चौकटीवर ताणले आणि खरवडून इतके पातळ केले की खिडकीपुढे धरले तर पलीकडचा उजेड दिसावा. मग लंडनमधल्या एका लेखनिकाने टाक बुडवून बुडवून माझ्यावर चौदा ओळी काढल्या. खाली बशीएवढी हिरव्या मेणाची राजमुद्रा रेशमी दोरीने अडकवली. त्या दिवशी मी सनद झाले.

मित्रांनो, त्याला आता एकशे तीस वर्षे होऊन गेली. मी थकले आहे. माझ्या कडा आखडल्या आहेत, शाई तपकिरी झाली आहे, पण हा थकवा वयाचा नाही. माझ्या चौदा ओळींपैकी नववी ओळ मला जन्मभर वाहावी लागली. हा थकवा त्या ओळीचा आहे. राणीच्या नावाने तिच्यात असे लिहिले आहे, की ऑल्डरबेकचे लॉर्ड हा किताब अमोस थ्रेलफॉल यांच्याकडे आणि त्यांच्यानंतर त्यांच्या देहापासून झालेल्या औरस पुरुष वारसांकडे चालत राहील.

अमोस थ्रेलफॉल घोंगड्यांच्या गिरणीचे मालक होते. उत्तर इंग्लंडच्या डोंगरात ओढ्याकाठी त्यांची गिरणी होती. पलटणीला, दवाखान्यांना, जहाजांना त्यांच्या घोंगड्या जात. पैसा आला, मग दगडी हवेली आली, मग पार्लमेंट, आणि एक्कावन्नाव्या वर्षी मी आले. जुने खानदानी लॉर्ड त्यांना पाठीमागे 'घोंगडी लॉर्ड' म्हणत. अमोसना ते ठाऊक होते. म्हणूनच असेल, माझ्यासाठी त्यांनी ओकच्या लाकडाची पेटी करवून घेतली आणि आत गिरणीतलेच सर्वांत मऊ कापड अंथरले.

मी घरी आले त्या दिवशी मोठी मेजवानी झाली. अमोसनी मला दोन्ही हातांत धरून उभ्याने वाचले. आठ ओळी खणखणीत आवाजात वाचल्या. नववीला ते खोकले, आणि थेट दहावीवर गेले. टेबलाच्या दूरच्या टोकाला त्यांच्या तीन मुली बसल्या होत्या. कोणाच्या काही लक्षात आले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको हॅना हिने पेटी उघडली. ती लग्नाआधी त्याच गिरणीत मागावर होती. वाचायला उशिरा शिकली होती, त्यामुळे बोट ठेवून वाचत असे. तिचे बोट नवव्या ओळीवर थांबले.

"ही ओळ काल तू गाळलीस, अमोस."

"लांबण लागत होती गं. पाहुण्यांचं सूप निवत होतं."

"एवढीशी तर ओळ आहे."

"सगळ्यांच्याच सनदेत असते ती. मी काय माझ्या मनानं घातलीय?"

"पण गाळलीस मात्र मनानं," हॅना म्हणाली आणि तिने पेटीचे झाकण लावले.

अमोसना दोन मुलगे होते, वॉल्टर आणि केलेब. बाप गेल्यावर वॉल्टर लॉर्ड झाला. त्याने घोडागाडीच्या दारावर मुकुट रंगवून घेतला. धाकटा केलेब गिरणीच्या लोकर रंगवण्याच्या खात्यात काम करी. त्याचे हात कोपरापर्यंत निळे असत. एके दिवशी वॉल्टर त्याला सगळ्या कामगारांसमोर म्हणाला, "घरात मी तुझा भाऊ, पण इथं मला लॉर्ड म्हणायचं." केलेबने निळ्या हाताने टोपी काढली, पुन्हा घातली आणि बाहेर पडला. त्याच महिन्यात तो ऑस्ट्रेलियाला गेला. सुरुवातीला आईला पत्रे येत. आई गेल्यावर तीही थांबली.

वॉल्टरनंतर त्याचा मुलगा विल्फ्रेड. हे तिसरे लॉर्ड. त्यांनी गिरणी विकली, पण ओढ्याकाठची मेंढ्यांची जमीन आणि हवेली राहिली. अमोसनी मरणापूर्वीच तशी तजवीज करून ठेवली होती. ज्याच्याकडे किताब, त्याच्याकडे घर आणि जमीन. किताबच संपला, तर मात्र सगळे शेवटच्या लॉर्डच्या मुलींकडे जावे. ही शेवटची अट हॅनाने घालायला लावली होती, असे घरात बोलत.

विल्फ्रेड तसे वाईट गृहस्थ नव्हते. फक्त त्यांना कशाचाच उरक नव्हता. लंडनला लॉर्डांच्या सभेत ते जन्मात दोनदा गेले आणि दुसऱ्या वेळी बाकावर झोपले. माझी पेटी त्यांच्या अभ्यासिकेत असे. एकदा मला टेबलावर उघडी टाकून त्यांनी माझ्यावरच व्हिस्कीचा पेला ठेवला. त्याचा गोल डाग माझ्या उजव्या अंगाला आहे. मग काही वर्षे कोणी पेटी उघडलीच नाही. उंदरांनी रेशमी दोरीचे एक टोक कुरतडले. मी पडून राहिले. खरे सांगायचे तर तेवढीच वर्षे मला विसावा मिळाला.

विल्फ्रेडना एकच मूल झाले. मुलगी. हेस्टर. बारशाला आलेल्या नातेवाइकांनी पाळण्यात डोकावून, "छान आहे हो, पुढच्या वेळी बघू," असे म्हटले. पुढची वेळ आली नाही. हेस्टर चार वर्षांची असताना तिची आई वारली.

बाराव्या वर्षी हेस्टरने मला पहिल्यांदा वाचले. वाचून ती वडिलांकडे गेली.

"बाबा, ह्यात मी कुठं आहे?"

"तू ना? तू 'माननीय' आहेस. लॉर्डच्या मुलीला तसं म्हणतात."

"त्यानं काय होतं?"

विल्फ्रेडनी जरा विचार केला. "पाकिटावर लिहितात," ते म्हणाले.

एकोणिसाव्या वर्षापासून घर तिनेच चालवले. तीनशे मेंढ्या, कोसळत्या दगडी भिंती आणि दर पावसात सात ठिकाणी गळणारे छप्पर. कुठल्या खोलीत कुठली बादली ठेवायची हे तिला पाठ होते. लग्नाचे एकदा जमत आले होते. पण त्या गृहस्थांना घर हवे होते, आणि घर तिचे नाही हे कळल्यावर त्यांची पत्रे हळूहळू आटली. घरात नोकर म्हणून एक डोरा बर्केट उरली होती. स्वयंपाक तिचा आणि जीभही तिचीच चाले.

१९८१ च्या जानेवारीत विल्फ्रेड गेले. हेस्टर तेव्हा पन्नास वर्षांची होती. वकील मिस्टर क्लेग यांनी वंशावळ काढली, पत्रे पाठवली, आणि मार्चमध्ये उत्तर आले. केलेबला एक मुलगा झाला होता, आर्थर. आर्थर आता हयात नव्हता, पण त्याचा मुलगा होता. डेस थ्रेलफॉल, वय सेहेचाळीस, ऑस्ट्रेलियाच्या गिप्सलँड भागात दुधाचा टँकर चालवणारा. नववी ओळ त्याच्यापाशी जाऊन थांबली होती.

"म्हणजे आता दूधवाला येऊन बसणार इथं," डोरा म्हणाली.

"त्याचा हक्क आहे," हेस्टर म्हणाली.

"आणि तुम्ही कुठं जाणार?"

हेस्टर बादल्या उपड्या करायला गेली.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी डेस आला. उंच, लाल मानेचा माणूस, नव्या सुटात आवळलेला. दारात डोराने गुडघे वाकवून इतका लांबलचक मुजरा केला की तो घाबरलाच.

"या मिलॉर्ड. पायपुसणं तिकडं आहे, मिलॉर्ड."

"मला नुसतं डेस म्हणा हो. तुम्ही मिलॉर्ड म्हटलंत की वाटतं, माझ्या मागं कोणीतरी उभं आहे."

डोराला हसू आवरले नाही. तिने चहाला मोठा पेला घेतला, पाहुण्यांचा नाजूक कप घेतला नाही. तिच्या लेखी हा मान होता.

डेस खुलून बोलणारा होता. निघताना गावाने त्याला निरोप दिला होता, दूध संस्थेच्या शेडवर 'आमचा लॉर्ड' असा कापडी फलक लावला होता. बायको नोरीनने लंडनसाठी टोपी घेतली होती. तीन मुली होत्या. थोरलीचे, लोर्नाचे, नाव निघाले की त्याचा आवाज मऊ होई. टँकरची फेरी त्याने दुसऱ्याला देऊन टाकली होती. परत जायचेच नाही, तर ठेवून काय करायची?

आल्या दिवशीच दुपारी एक मेंढी अडली. ते मेंढ्या विण्याचे दिवस होते. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर होते, कारण मिस्टर क्लेगना माझ्या मजकुराची अचूक नक्कल हवी होती. त्यामुळे कोठारात काय घडले ते मला दिसले नाही. पण दोघे परत आले तेव्हा डेसच्या नव्या सुटाच्या बाह्या खांद्यापर्यंत वर होत्या, शर्ट माखलेला होता, आणि हेस्टर हसत होती. तिचे हसणे मी फार वर्षांनी ऐकले.

"पिल्लाचा पाय मागं अडकला होता," ती डोराला सांगत होती. "मी हात घालायच्या आत ह्यांनी फिरवलासुद्धा."

"गाईचं नि मेंढीचं सारखंच," डेस म्हणाला. "मेंढीचं दार तेवढं लहान."

मंगळवारी सकाळी तो भिंती बघायला डोंगरावर गेला. जाताना त्याने बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा हेस्टरपुढे ठेवला. घरातले सगळे दाखले त्यात होते. गुरुवारी मिस्टर क्लेग येऊन ते लंडनच्या कचेरीत पाठवायला नेणार होते. "मला कागद लावता येत नाहीत," तो म्हणाला. "तूच लाव."

हेस्टरने कागद एकेक करून माझ्या अंगावर मांडले. डेसच्या जन्माचा दाखला. त्याच्या आईबापांच्या लग्नाचा. मग त्याचे वडील आर्थर यांच्या जन्माचा: चौदा ऑक्टोबर, १९११. त्याच्याशेजारी तिने आजीआजोबांच्या लग्नाचा दाखला ठेवला. केलेब थ्रेलफॉल आणि मॉड रेनी: नऊ मार्च, १९१२.

तिचा हात माझ्यावरच थांबला. तिने बोटांवर महिने मोजले. मग उलट मोजले.

"काय झालं?" डोराने विचारले.

"काही नाही. चहा निवला."

मित्रांनो, 'औरस' हा माझ्या नवव्या ओळीतला शब्द त्या दिवशी मला दगडासारखा जड झाला. लग्नाआधी झालेले मूल, आईबापांनी पुढे लग्न केले तरी, किताबाला चालत नाही. घरादाराला, पैशाला चालते. मला चालत नाही. आर्थरच्या पाठीवर केलेबला मुलीच झाल्या होत्या. म्हणजे वारस उरतच नव्हता. किताब संपत होता, आणि हवेली, जमीन, मेंढ्या सगळे हेस्टरचे होत होते. हे माहीत असलेली ती जगातली एकटी होती.

आणि ती गप्प राहिली.

बुधवारी ती डेसला घेऊन सगळीकडे फिरली. कुठली भिंत ह्या हिवाळ्यात पडेल, पाणी कुठे तुंबते, कोणत्या शेजाऱ्याचा कुत्रा पिल्ले धरतो, सगळे सांगितले. परत आल्यावर तिने स्वयंपाकघरात बसून छपराच्या गळतीचा नकाशा काढून दिला. पोरीला सासरी धाडताना आई सामान बांधून देते, तसे ती ते घर बांधून देत होती. डोरा तिच्याकडे टक लावून बघत राहिली.

गुरुवारी न्याहारीला डेस म्हणाला, "मी रात्रभर विचार केला. तू कुठं जायचं नाहीस. फाटकापाशी ते छोटं घर आहे ना, ते तुझं. नोरीनला मी सांगतो. भाडंबिडं काही नको."

तो मनापासून बोलत होता. हेस्टरने हातातली सुरी खाली ठेवली.

"डेस, तुझे वडील केव्हा जन्मले?"

"चौदा ऑक्टोबर. का गं?"

"आणि आजीआजोबांचं लग्न?"

"ते बुवा माहीत नाही. आमच्याकडं कधी साजरं केलं नाही."

तिने दोन्ही दाखले त्याच्यापुढे सरकवले. त्याने वाचले. पहिल्यांदा त्याला काही कळले नाही. मग कळले. मानेची लाली वर कानापर्यंत चढली.

"पण लग्न केलंच की त्यांनी नंतर!"

"बाकी सगळ्याला ते चालतं. ह्याला नाही." तिने माझ्याकडे बोट केले.

"तुला हे केव्हा कळलं?"

"मंगळवारी."

"मंगळवारी! आणि काल दिवसभर मला चिखलातून हिंडवलंस? भिंती दाखवल्यास? मजा बघत होतीस माझी?"

"नाही."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"कारण बोलले असते तर फायदा माझा होता!" हेस्टरचा आवाज चढला. मी तो कधी चढलेला ऐकला नव्हता. "पन्नास वर्षं ह्या घरात काढली, डेस. हे घर मिळावं म्हणून मी एका माणसाच्या आजीवर बोट ठेवायचं? आणि नाही ठेवलं, तर लंडनच्या कचेरीत कोणीतरी ठेवणार. तू नवा सूट घालून समोर उभा असताना. दोन दिवस मी हेच तोलतेय. आता तूच सांग, मी काय करायला हवं होतं?"

डेस खुर्ची मागे ढकलून उठला आणि अंगणात गेला. डोरा भांडी घासत होती. तिने नळ बंद केला.

तो परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, पण तोंडावर विचित्र हसू होते.

"पाद्री उशिरा आला," तो म्हणाला.

"काय?"

"आजी म्हणायची. कोणालाही उशीर झाला, की ती म्हणायची, 'आला बाई पाद्री!' घरात सगळे हसायचे. मला वाटायचं, काहीतरी जुनी गंमत असेल. आता समजली." तो बसला. "तिकडं तेव्हा वस्तीला चर्च नव्हतं. पाद्री घोड्यावरून वर्षातून दोनदा यायचा. त्या वर्षी नदीला पूर आला होता, पूल गेला, हे आजोबांच्या तोंडून ऐकलंय मी. लाकडं तोडून त्यांनी झोपडी बांधली, संसार मांडला आणि वाट बघत बसले. पाद्री आला तेव्हा बाबा पाच महिन्यांचे होते. तिनं काय करायचं होतं? पोरगं पोटात थोपवून धरायचं होतं?"

"नाही," हेस्टर म्हणाली.

"बासष्ट वर्षं एकत्र राहिली ती दोघं."

डोराने न विचारता त्याचा पेला पुन्हा भरला.

अकरा वाजता मिस्टर क्लेग आले. हेस्टरने त्यांना सगळे सांगितले. त्यांनी चष्मा पुसला, दाखले पाहिले, पुन्हा चष्मा पुसला.

"हे बघा," ते हळूच म्हणाले, "त्या काळी, त्या जंगलात, नोंदी करणारे फार काटेकोर नव्हते. जन्माचं साल एकानं चुकलं असेल. १९१२ च्या ऐवजी १९११ पडलं असेल. घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं तसं प्रतिज्ञेवर लिहून दिलं, की आमच्या ऐकण्यात साल बाराच होतं, तर कचेरी फार खोलात जाईल असं मला वाटत नाही." त्यांनी हेस्टरकडे पाहिले. "वडीलधारं म्हणजे, मिस हेस्टर, तुम्हीच."

डोराच्या हातातून चमचा पडला.

हेस्टर माझ्याकडे बघत होती. मला वाटते ती त्या क्षणी माझ्याइतकीच थकलेली होती. "त्याला हवं असेल," ती म्हणाली, "तर मी सही करीन."

मित्रांनो, मी लॉर्ड पाहिले, मुकुट पाहिले, मोठमोठी भाषणे ऐकली. पण असे काही मी पाहिले नव्हते. तिची स्वतःची सही तिला घराबाहेर काढणार होती, वर खोटेपणाचा डाग लावणार होती, आणि ती लेखणी शोधत होती.

डेसने आर्थरचा दाखला उचलला. त्याची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

"चौदा ऑक्टोबर एकोणीसशे अकरा," तो म्हणाला. "दरवर्षी त्या दिवशी आजी केक करायची. वर मनुका लावून आकडा काढायची. आकडा कधी चुकला नाही तिचा. मी माझ्या बापाचा वाढदिवस बदलणार नाही, साहेब. किताबासाठी तर नाहीच नाही."

"नीट विचार करा," मिस्टर क्लेग म्हणाले. "म्हणजे सगळं संपलं."

"संपू दे. मला तीन मुली आहेत. माझ्यानंतर तसंही ह्यानं कोणाला विचारलं असतं?"

मिस्टर क्लेग रिकाम्या पिशवीने गेले. टेबलाशी दोघेच राहिली, आणि मध्ये मी. अमोसच्या हातात आले तेव्हा माझ्या एका वाक्याने माणसे उभी राहत. आता माझ्यात काही जोर उरला नव्हता. मला वाईट वाटले असेल, असे तुम्हाला वाटेल. मला हलके वाटले.

"घेऊन जातोस हिला?" हेस्टरने विचारले. "आठवण म्हणून. पणजोबांची आहे."

डेसने मला उचलून खिडकीकडे धरले. उजेड आरपार आला. "ह्यात माझं नाव नाही," तो म्हणाला.

"माझंही नाही."

दोघे एकमेकांकडे बघून हसू लागली. बराच वेळ हसत राहिली. मग डेसला एकदम आठवले. "नोरीनला काय सांगू गं? तिनं टोपी घेतलीय!"

"घालू दे की. टोपीला किताब लागत नाही," डोराच म्हणाली.

मेंढ्यांचा हंगाम संपेपर्यंत डेस राहिला. तीन आठवडे त्याने आणि हेस्टरने पिल्ले काढली, दोन भिंती उभ्या केल्या. जाताना त्याने सूट इथेच ठेवला. तो डोराच्या भाच्याला बसला. टँकरची फेरी त्याला परत मिळाली. दर नाताळला पत्र येई. गावाने तो कापडी फलक उलटा करून मागच्या बाजूला 'आमचा डेस' लिहिले आणि पुन्हा टांगला, हे पहिल्याच पत्रात होते.

हेस्टरने आणखी वीस वर्षे ती जमीन राखली. छप्पर शेवटपर्यंत गळतच राहिले. सत्तरी आल्यावर तिने हवेली विकली, फाटकाजवळच्या छोट्या घरात ती आणि डोरा राहायला गेल्या, आणि मला तिने परगण्याच्या अभिलेखागारात देऊन टाकले. देताना तिने काही भाषण केले नाही. "जड आहे हो ही," एवढेच म्हणाली. आता ती नाही. डेसही नाही.

इथे मी काचेखाली असते. शाळेची मुले येतात, हिरवी राजमुद्रा पाहून केक आहे का म्हणून विचारतात. माझ्याखाली पाटी होती: 'ऑल्डरबेकची सनद. १८९३. चौथा वारस नसल्याने १९८१ मध्ये वंश संपला.' ती मी रोज पाहत असे. पाहून पाहून मलाही ते खरे वाटू लागले होते.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात साठी ओलांडलेली एक बाई आली. उंच, लाल मानेची. तिने पाटी वाचली आणि खदखदून हसली. अभिलेखागार सांभाळणाऱ्या मिसेस टॉलंड धावत आल्या.

"काही हवंय का आपल्याला?"

"वंश संपला म्हणे!" ती बाई डोळे पुसत म्हणाली. "अहो, बाहेर गाडीत माझे अकरा जण सँडविच खात बसलेत!"

ती लोर्ना होती.

मिसेस टॉलंड गोंधळल्या. मग त्यांनी येणाऱ्यांच्या सह्यांची वही पुढे केली आणि निदान आपले नाव लिहून जा म्हणाल्या. लोर्नाने लिहिले. मग लेखणी तशीच हातात धरून ती दारापर्यंत गेली आणि बाहेर हाक मारली. सगळे आत आले. तिच्या बहिणी, जावई, भाचरे, मुली, नातवंडे. हातांना लोणी लागलेले. मिसेस टॉलंड, "एकाचं पुरे हो," म्हणत होत्या, पण लोर्ना ऐकेना. प्रत्येकाने लिहिले. सर्वांत लहान नातीला अक्षरे येत नव्हती. तिचा हात धरून लोर्नाने लिहून घेतले. पान भरले. पुढचे उलटावे लागले.

दुसऱ्या दिवशी मिसेस टॉलंडनी माझ्याखालची पाटी बदलली. आता तिथे 'किताब संपला' असे आहे.

मित्रांनो, मी अजून काही वर्षे टिकेन. मला ऊन लागू देऊ नका, ओल लागू देऊ नका, एवढे तर तुम्ही कराच. पण माझ्यापेक्षा त्या वहीला जपा. ती साधी, दोऱ्याने शिवलेली वही आहे, तिचे कागद माझ्यासारखे टिकणारे नाहीत. इथे आलात तर काचेपाशी फार वेळ थांबू नका. वहीत तुमचे नाव लिहा. पूर्ण लिहा, आणि मागून येणाऱ्याला वाचता येईल असे लिहा.